आईचं हृदय आणि तुझं संशोधन

पत्र थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत): पत्रलेखिका ३३ वर्षांच्या. गाव कोल्हापूर जिल्ह्यात, पीएचडी पुण्यात, आणि आता ब्रिटनमधल्या एका विद्यापीठात पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं ठरावीक मुदतीचं संशोधनाचं काम). मधुमेहात हृदयाच्या पेशींचं ऊर्जेचं गणित कुठे बिघडतं, हा त्यांचा विषय. मधुमेही हृदय चरबीवर फार विसंबून राहतं, त्याला पुन्हा ग्लुकोज वापरायला लावलं तर त्याची ताकद सुधारेल, या कल्पनेवर त्यांनी दीड वर्ष उंदरांवर प्रयोग केले. ताकद सुधारली नाही. करार पुढच्या वर्षी संपतोय. बॉस दोन वर्षांची मुदतवाढ देऊ म्हणतात, पण काम तेच, फक्त वेगळ्या जातीच्या उंदरांवर. अशातच गावी त्यांच्या आईला (वय ६१, मधुमेह १८ वर्षांपासून) मध्यरात्री श्वास घेता येईना म्हणून दवाखान्यात दाखल करावं लागलं. निदान झालं हार्ट फेल्युअर, म्हणजे शरीराला हवं तेवढं रक्त पुरवणं हृदयाला न जमणं. तीन महिने आधी आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली होती, "जिना चढताना दम लागतो गं." लेकीने सांगितलं होतं, "वजन कमी कर, रोज चाल." आता भाऊ विचारतो, "तू हृदयावरच संशोधन करतेस ना? मग तुला कळलं कसं नाही?" पुढे तीन वाटा दिसतात: मुदतवाढ घेणं, भारतात परतून एखाद्या संस्थेत जागा शोधणं, किंवा हैदराबादच्या एका औषध कंपनीतली नोकरी धरणं. त्यांचा खरा प्रश्न मात्र वेगळा आहे: "ज्या आजारावर मी इतकी वर्षं काम करतेय, त्यातच माझ्या आईला माझा काडीचा उपयोग झाला नाही. मग हे करायचं कशाला?"

प्रिय मैत्रिणी,

दादाचा प्रश्न तुझ्या जिव्हारी लागलाय, हे पत्राच्या पहिल्या ओळीपासून कळतं. पण तो तू जसाच्या तसा मान्य केलास. लॅबमध्ये कुणी एवढं मोठं विधान केलं असतं तर तू आधी त्यामागचं गृहीतक तपासलं असतंस. इथेही तेच करू.

हृदयावर संशोधन करणाऱ्याला हृदयाचा आजार ओळखता यायलाच हवा, हे ते गृहीतक. आता तू कोणत्या हृदयावर काम करतेस ते बघ. ते उंदराच्या छातीतून काढून लँगेनडॉर्फच्या यंत्रावर टांगलेलं असतं. त्यातून ३७ अंशांचं द्रावण वाहतं. त्यात साखर किती, स्निग्धाम्लं (चरबीतले घटक) किती, ऑक्सिजन किती, हे सगळं तू ठरवतेस आणि त्यातलं काय खर्च झालं ते मोजतेस. आईचा आजार ओळखायला नडगीवर अंगठा दाबून खळगा राहतो का ते बघावं लागतं, मानेची शीर बघावी लागते, छातीला स्टेथोस्कोप लावावा लागतो, इको (हृदयाची सोनोग्राफी) काढावा लागतो, एनटी-प्रोबीएनपी नावाची रक्ततपासणी करावी लागते. यातलं काहीही व्हिडिओ कॉलवर होत नाही, आणि तुझ्या शिक्षणात यातलं काहीही नव्हतं. मी वैद्यकीय महाविद्यालयात बरीच वर्षं जीवरसायनशास्त्र शिकवलं. आमच्या विभागात कुणाच्या छातीत दुखलं तर आम्ही मेडिसिनच्या डॉक्टरांकडेच जायचो आणि त्यात कुणालाही कमीपणा वाटला नाही. दादाला हा फरक माहीत असण्याचं कारण नाही. तो घाबरलेला होता, रात्रभर दवाखान्याच्या बाकड्यावर बसलेला होता, आणि ज्याच्यावर रागवता येईल असं माणूस त्याला फोनवर सापडलं. तुला मात्र हा फरक माहीत होता. तरी तू स्वतःला दोषी ठरवलंस.

आता त्या जिन्याबद्दल. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात लोकांच्या हृदयांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. मधुमेह असलेल्या पुरुषांत हार्ट फेल्युअरचं प्रमाण इतर पुरुषांच्या दुपटीहून जास्त असतं आणि बायकांत तर सुमारे पाचपट, हे त्यातून १९७४ मध्येच पुढे आलं होतं. या गोष्टीला पन्नास वर्षं होऊन गेली. तरी साठीच्या बाईला दम लागला की घरातले, शेजारचे, कधीकधी डॉक्टरसुद्धा वजनाकडे, वयाकडे आणि गुडघ्यांकडे बोट दाखवतात. ती बाई स्वतःही तेच म्हणते. तू जे बोललीस ते आपल्या घराघरांत बोललं जातं. त्याचं वाईट वाटणं मी तुझ्याकडून काढून घेणार नाही, ते वाटायलाच हवं. पण त्याची जागा आईजवळ आहे. "त्या दिवशी मी तुझं नीट ऐकलं नाही गं," हे तिला सांग. भरपाई म्हणून नोकरीचा राजीनामा देऊ नकोस. त्या वाक्याशी तुझ्या संशोधनाचा संबंध नव्हता, मग शिक्षा त्याला कशाला?

पत्र पुन्हा वाचताना एक गोष्ट मला खटकत राहिली. दादा काय म्हणाला ते त्यात आहे, बॉस काय म्हणाले ते आहे, पुण्याची मावशी काय म्हणाली तेही आहे. आईचं वाक्य एकच, ते जिन्याचं. घरी आल्यावर तिला कसं वाटतंय, तिला कशाची भीती वाटते, तू परत यावंस असं तिला वाटतं का, आणि वाटत असेल तर कायमचं की चार आठवड्यांसाठी, हे कुठेच आलेलं नाही. वहिनीचाही उल्लेख एकदाच, "वहिनी हॉस्पिटलात राहिली" एवढाच. म्हणजे जिचा आजार आहे आणि जी तिचं करतेय, त्या दोघींना सोडून बाकी सगळ्यांच्या मतांवर तू आयुष्याचा निर्णय घ्यायला निघाली आहेस. आधी या दोघींना वेगवेगळा फोन कर. दादा शेजारी नसताना.

आईला आज जे लागतं, ते तुझ्या प्रयोगातून यायचं नाही, कारण ते आधीच आलेलं आहे. आणि ते कसं आलं, हे तुझ्या "कशाला?" या प्रश्नाचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उत्तर आहे. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ मध्ये फ्लोरिझिन नावाचा कडू पदार्थ वेगळा काढला गेला. तो पोटात गेला की लघवीतून साखर जाते, हे १८८६ मध्ये फॉन मेरिंग या जर्मन डॉक्टरांनी दाखवलं. मूत्रपिंडात गाळली गेलेली साखर रक्तात परत घेणारे वाहक त्या पदार्थामुळे अडतात, हे कळायला पुढची कित्येक दशकं गेली. त्या माहितीवरून मधुमेहासाठी एसजीएलटी-२ या वाहकाला अडवणारी औषधं बनवली गेली. मधुमेहाच्या नव्या औषधाने हृदयाला धोका वाढत नाही हे दाखवा, असं अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००८ मध्ये कंपन्यांना सांगितलं होतं. त्यापायी एम्पाग्लिफ्लोझिनची ७,०२० रुग्णांवर चाचणी झाली आणि २०१५ मध्ये निकाल आले. हृदयरोगाने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी, हार्ट फेल्युअरसाठी दाखल होणं ३५ टक्क्यांनी कमी. धोका आहे का ते बघायला गेले होते, आणि एवढा फायदा सापडला. पुढे २०१९ मध्ये डॅपाग्लिफ्लोझिनच्या चाचणीत दिसलं की मधुमेह नसलेल्या दुबळ्या हृदयांनाही याच गटातल्या औषधाचा उपयोग होतो. भारतात डॅपाग्लिफ्लोझिनचं पहिलं पेटंट २०२० मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये संपलं, देशी कंपन्यांच्या गोळ्या आल्या, किमती उतरल्या. आईच्या डिस्चार्ज कार्डावर या गटातलं औषध असण्याची बरीच शक्यता आहे. सालीवर काम करणाऱ्यांना तुझी आई माहीत नव्हती. त्यांना हृदयाबद्दलही काही शोधायचं नव्हतं.

आणि हे औषध हृदयाला नेमकं कसं उपयोगी पडतं, यावर आजही एकमत नाही. हृदयाला कीटोनचं (यकृतात चरबीपासून बनणाऱ्या पदार्थांचं) इंधन जास्त मिळतं म्हणून? पेशीतल्या सोडियमचा हिशेब सुधारतो म्हणून? की मूत्रपिंड आणि शरीरातलं पाणी यांच्यामार्फत? हा वाद तुझ्याच विषयातला आहे.

इतर वाचकांसाठी थोडं सांगते. हृदय दिवसाला सुमारे ६ किलो एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) तयार करतं आणि तेवढंच खर्चून टाकतं. शिल्लक मात्र कोणत्याही क्षणी काही सेकंद पुरेल इतकीच. हृदयाचं अगदी हातावर पोट आहे. निरोगी हृदय बरीचशी ऊर्जा स्निग्धाम्लांतून आणि उरलेली ग्लुकोज, लॅक्टेट, कीटोन यांतून मिळवतं, आणि वेळ पडेल तसं एकावरून दुसऱ्यावर जातं. स्निग्धाम्लं आणि ग्लुकोज एकमेकांचा वापर दाबतात, ही मांडणी फिलिप रँडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये केली. मधुमेहात हा तोल चरबीकडे झुकतो. तेवढ्याच एटीपीसाठी चरबीला ग्लुकोजपेक्षा ऑक्सिजन थोडा जास्त लागतो. म्हणून चरबीची वाट अडवली तर हृदयाला बरं वाटेल, असं वाटणं अगदी स्वाभाविक होतं. तुझ्या आधीही लोकांनी ते करून बघितलं. एटोमॉक्झिर नावाच्या औषधाची हार्ट फेल्युअरच्या रुग्णांवरची चाचणी यकृतावर परिणाम दिसू लागल्याने थांबवावी लागली.

त्यामुळे "माझा प्रयोग फसला" हे तुझं वाक्य मला मान्य नाही. प्रयोग नीट झाला असेल, म्हणजे उंदरांची संख्या पुरेशी होती, औषधाने ग्लुकोजचा वापर खरंच वाढला हे तू मोजून दाखवलंस, आणि तरीही ताकद सुधारली नाही, तर तुझ्या हातात एक उत्तर आहे: इंधन बदलणं एकट्याने पुरत नाही. हे उत्तर प्रसिद्ध झालं नाही तर दुसऱ्या कुठल्या तरी लॅबमधली, तुझ्याच वयाची एक मुलगी पुन्हा दीड वर्ष यातच घालवेल. बायोआर्काइव्हवर (जर्नलमध्ये येण्याआधीच पेपर सगळ्यांसाठी खुला ठेवणाऱ्या संकेतस्थळावर) टाक, मग जर्नलला पाठव. अशा निकालांना आता पूर्वीपेक्षा जास्त जागा मिळते. फार मोठं जर्नल घेणार नाही, पण तुझं नाव पहिलं असलेला, नेटका, पूर्ण झालेला पेपर हातात येईल, आणि पुढच्या अर्जांना तो लागणारच आहे. ग्लुकोजचा वापर वाढला का हेच मोजायचं राहिलं असेल, तर उरलेल्या महिन्यांत तेवढं एकच काम कर.

यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचं नाव तुला माहीत असेलच. फॉस्फरस मोजण्याची फिस्क-सुब्बाराव पद्धत मी विद्यार्थ्यांकडून वर्षानुवर्षं करून घेतली आहे. सायरस फिस्क यांच्याबरोबर हार्वर्डमध्ये काम करताना त्यांनी स्नायूंतलं फॉस्फोक्रिएटिन आणि १९२९ मध्ये एटीपी वेगळं काढलं; त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनीही एटीपी शोधलं. तुझा सगळा विषय ज्या रेणूभोवती फिरतो, तोच हा. एवढं करूनही हार्वर्डने त्यांना कायम केलं नाही, आणि १९४० मध्ये ते लेडर्ले या औषध कंपनीत गेले. त्यांचा भाऊ तरुणपणी स्प्रू या आतड्याच्या आजाराने गेला होता. त्याच आजारावर उपयोगी पडणारं फॉलिक ॲसिड १९४० च्या दशकात त्यांच्या लेडर्लेमधल्या गटाने प्रयोगशाळेत तयार केलं. ही गोष्ट आपल्याकडे भावाच्या मृत्यूचं ऋण फेडलं अशी सांगतात. मला ती तशी सांगाविशी वाटत नाही. भावाला त्या औषधाचा उपयोग झाला नाही, होणं शक्यच नव्हतं. उपयोग झाला तो सुब्बाराव यांनी कधी न पाहिलेल्या माणसांना. एवढ्याने ते काम पुरेसं मोलाचं ठरतं, आणि तुझंही ठरेल. आईला त्यातून काही मिळालं का, या मापाने ते मोजत बसलीस तर कुठलंच संशोधन उत्तीर्ण होणार नाही.

लेडर्लेचा उल्लेख आलाच आहे, तर कंपनीच्या नोकरीबद्दल. तू तिला "हार मानणं" म्हटलंयस. मी म्हणणार नाही. वर सांगितलेली मोठी चाचणी कंपन्यांच्या पैशांवरच झाली. पण ती नोकरी नेमकी काय आहे ते विचार: स्वतः प्रयोग करायचे आहेत, चाचण्यांची कागदपत्रं सांभाळायची आहेत, की डॉक्टरांपुढे औषधाची माहिती मांडायची आहे? तिन्ही कामं प्रामाणिक आहेत, पण तिसऱ्यात तुला रमता येईल असं तुझ्या पत्रावरून वाटत नाही.

आता परत येण्याबद्दल. तुझ्या मनात परतणं म्हणजे आईजवळ असणं, आणि राहणं म्हणजे स्वार्थ, असं समीकरण झालेलं दिसतं. नकाशा उघडून बघ. हैदराबादहून गावी पोचायला बहुतेक एक रात्र जाईल. बेंगळुरू, फरिदाबाद, चेन्नई, कुठेही जागा मिळाली तरी आई गावीच असणार. पुण्यात मिळाली तर शनिवारी निघून रविवारी परत, हे जमेल. पण नवी लॅब उभी करणाऱ्या माणसाचे शनिवार-रविवार कसे जातात ते तू पीएचडीच्या गाइडकडे पाहिलं आहेस. मी परत येऊ नकोस म्हणत नाही. "आईसाठी आले" हे कारण धरून येशील तर आईसाठी तुला आठवड्याचे किती तास मिळतील, हे आधी कागदावर मांड, एवढंच म्हणते. नाहीतर दोन वर्षांनी तू पुण्यात असशील, आई गावी असेल, आणि अपराधी वाटणं तसंच असेल.

परत येण्याचं एक शास्त्रीय कारण मात्र मला दिसतं, आणि त्याबद्दल तू काहीच लिहिलेलं नाहीस. टाइप-२ मधुमेहाच्या अभ्यासात वापरले जाणारे उंदीर बहुतेक लठ्ठ असतात. काहींना चरबीचं खाद्य देऊन लठ्ठ केलेलं असतं, तर डीबी/डीबी जातीत भूक आवरणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाचा संदेश पोचतच नाही म्हणून ते लठ्ठ होतात. आपल्याकडचे कित्येक मधुमेही वजनकाट्यावर लठ्ठ नसतात. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपल्या दोघांचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या गावांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासात तर जन्मतःच बाळ लहानखुरं, पण त्या मानाने चरबी जास्त, असं चित्र दिसलं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचा अंदाज आहे की भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. या माणसांचं हृदय इंधन कसं वापरतं? लठ्ठ उंदरांवरून काढलेले निष्कर्ष त्यांना लागू पडतात का? हे विचारायला ज्याला मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जा बनवणारी केंद्रं) मोजता येतात आणि ज्याने कोल्हापूरकडची सडपातळ मधुमेही माणसं लहानपणापासून पाहिलेली आहेत, असं माणूस हवं. असा प्रश्न तुला खरंच खुणावत असेल तर परत ये. बॉस जेव्हा "वेगळी जात घे" म्हणतात तेव्हाही हेच विचार: कोणती जात, आणि ती कोणत्या माणसासारखी आहे?

मुदतवाढीवर हो किंवा नाही म्हणण्याआधी बॉसकडून काही गोष्टी स्पष्ट करून घे, आणि बोलणं झाल्यावर त्याचा सारांश ईमेलने पाठवून ठेव. दोन वर्षांचा पैसा मंजूर झालेला आहे की मंजूर होईल अशी आशा आहे? आधीचा पेपर लिहायला वेळ मिळेल का? या कामातला कोणता भाग जाताना तू स्वतःचा म्हणून घेऊन जाऊ शकशील? हा तिसरा प्रश्न विचारायला आपली मुलं फार संकोचतात. मग पाच वर्षांनी स्वतंत्र अर्ज करताना कळतं की स्वतःचं म्हणावं असं हातात काहीच नाही. चांगला बॉस या प्रश्नाने दुखावत नाही. दुखावला, तर तीही माहितीच.

मुदतवाढ घेतलीस तरी भारतातले अर्ज आत्तापासून सुरू कर, कारण आपल्याकडे जाहिरात, मुलाखत, नेमणूकपत्र आणि प्रत्यक्ष ग्रँट यांत सहज एक-दोन वर्षं जातात. इंडिया अलायन्सच्या फेलोशिप, परदेशातून परतणाऱ्यांसाठी रामलिंगस्वामी फेलोशिप, आणि चाळिशीच्या आतल्यांसाठी रामानुजन फेलोशिप, या तिन्हींच्या चालू वर्षाच्या अटी मूळ जाहिरातीतूनच वाच. मित्रांच्या सांगण्यावर जाऊ नकोस. आयसर पुणे, एनसीसीएस, हैदराबादचं सीसीएमबी, फरिदाबादचं टीएचएसटीआय अशा संशोधन संस्थांत ज्यांच्याबरोबर काम करावंसं वाटतं त्यांना आधी पत्र लिही, आणि गावी येशील तेव्हा जाऊन भेट, लॅबमध्ये एक व्याख्यान दे. माणसांचे नमुने लागणार असतील तर एखाद्या रुग्णालयातला हृदयरोगतज्ज्ञ सुरुवातीपासून सोबत हवा. सहा महिने पगाराविना निघतील एवढी शिल्लक टाकल्याशिवाय पहिली नोकरी सोडू नकोस.

दूर राहूनही आईच्या काही गोष्टी तू आपल्याकडे घेऊ शकतेस. तुझं शास्त्राचं शिक्षण इथे खरंच कामी येईल, कारण तुला कागद वाचता येतात आणि नोंदी ठेवता येतात. सगळी औषधं, सगळे रिपोर्ट एका जागी कर आणि प्रत्येक भेटीआधी डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून वहिनीला पाठव. मधुमेहाच्या जुन्या गोळ्यांत पायोग्लिटाझोन आहे का ते बघ; त्याने अंगात पाणी साचतं, म्हणून हार्ट फेल्युअरमध्ये ते टाळतात. गुडघ्यांसाठी ती डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनसारखं काही परस्पर घेते का तेही विचार. त्यानेही पाणी साचतं. रोज सकाळी लघवी झाल्यावर, नाश्त्याआधी वजन करून वहीत लिहायचं, आणि तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर वाट न बघता डॉक्टरांना फोन करायचा. लोणचं, पापड, सांडगे, मिठातल्या मिरच्या यांबद्दल भांडण न करता वहिनीशी बोल. स्वयंपाक तिच्या हातात आहे.

उपासांचं मात्र आवर्जून विचार. आई संकष्टी, एकादशी, नवरात्र करत असेल आणि तिला एसजीएलटी-२ गटाची गोळी किंवा लघवीची गोळी चालू असेल, तर उपाशीपोटी, उलट्या-जुलाब चालू असताना किंवा ऑपरेशनच्या आधी त्या गोळ्यांचं काय करायचं, हे डॉक्टरांकडून लिहून घे. स्वतः ठरवू नका. असं औषध चालू असताना उपाशी राहिल्याने कीटोन वाढून जीव धोक्यात येऊ शकतो, आणि त्या वेळी रक्तातली साखर फार वाढलेली दिसेलच असं नाही. आणखी एक, आणि हे मधुमेही आया असलेल्या सगळ्यांसाठी: इकोत हृदयाची ताकद "नॉर्मल" आली म्हणजे हार्ट फेल्युअर नाही असं होत नाही. स्नायू ताठर होऊनही दम लागतो, आणि वयस्क मधुमेही बायकांत हा प्रकार बराच दिसतो. रिपोर्ट नॉर्मल असूनही दम लागत राहिला तर पुन्हा विचारायला जावं.

दादाला तू अजून उत्तर दिलेलं नाहीस, म्हणतेस. "मी डॉक्टर नाही, आणि मला तेव्हा कळलं नाही" हे सरळ सांग. मग काय काय उचलतेस तेही सांग: औषधांचा खर्च, तपासण्यांच्या तारखा, आणि वर्षातून ठरलेले काही आठवडे, जेव्हा तू आईजवळ असशील आणि तो व वहिनी कुठेतरी जाऊन येतील. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून, आई-वडिलांसारख्या माणसाला दीर्घकाळ काळजीची गरज असेल तर कर्मचाऱ्याला वर्षाला एक आठवड्याची बिनपगारी रजा मागण्याचा हक्क आहे. विद्यापीठाचे स्वतःचे नियम काय आहेत ते मनुष्यबळ विभागाला विचारून घे, आणि ती रजा वार्षिक सुट्टीला जोडता येते का तेही. वहिनीचे आभार वेगळे मान. दादामार्फत नको.

आणि लवकरच एकदा गावी जाऊन ये. तिकीट काढताना परतीचंही काढ. बॉसना निर्णयासाठी मुदत मागितलीस तर परत आल्यावर निदान महिनाभराची माग, कारण आईला प्रत्यक्ष पाहिल्यावरच्या पहिल्या आठवड्यात तू जे ठरवशील ते भीतीने ठरवलेलं असेल. तिथे असताना राजीनामा लिहू नकोस, आणि मुदतवाढीवर सहीही करू नकोस.